अनावश्यक उपचार आणि डॉक्टरची सदसद्विवेकबुद्धी

मार्कच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडित स्त्रीने अनेक वैद्यांपायी सर्वस्व वेचले होते. तरी दुखणे वाढलेच होते. सातारा-सांगलीकडील कित्येक कुटुंबांना ही व्यथा परकी नाही. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन रुग्णालय उघडले. १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कऱ्हाडातही डॉक्टर घडतात. काय करावे हे या तरुणांना पुष्कळ शिकवले जाते. काय करू नये, हे कोण शिकवणार?

‘तपासणी केली तर बिघडले काय?’ असे आपण सहज म्हणतो. परंतु बिघडते. पाठ मुळीच न दुखणाऱ्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधील चकती फुगलेली दिसते. तो कागद हाती पडला की भीती शिरते आणि तिच्यामागून शस्त्रक्रियेची भाषा. घरातला दागिना मात्र आधीच गहाण पडलेला असतो.

पैशाचा मोह हे एक कारण खरेच. २०१३ साली महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना एमआरआयसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल १२०० रुपयांचा धनादेश आला; त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. विंचूदंशावर प्राझोसिनची स्वस्त गोळी जीव वाचवते, हे याच डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणातून दाखवून दिले होते.

तथापि सारा दोष मोहाला देता येत नाही. ‘काही निसटले तर?’ ही तरुण डॉक्टरची भीती प्रामाणिक असते. म्हणून गुरूने त्याला एक प्रश्न शिकवावा: या तपासणीच्या निकालाने माझा उपचार बदलणार आहे काय? बदलणार असेल, तर ती अवश्य करावी. नसेल, तर ती कोणासाठी?

पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे सांगितले, की स्वतःवर वा इतरांवर अवजड भार न टाकणारे साधारण उपायच माणसाला बंधनकारक आहेत. उपयोगी उपचाराचाही भार जर असा मोजावयाचा, तर निरुपयोगी उपचाराचे कर्ज गरिबाच्या माथी मारणे हे पापच नव्हे काय?

आणि आपण? ‘सलाईन लावा’ असा हट्ट आपणच धरतो. डॉक्टरने नीट ऐकून घेतले, तपासले आणि ‘औषधाची गरज नाही, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा’ असे सांगितले, तर त्याने काहीच केले नाही असे म्हणू नये. त्याची फी आनंदाने द्यावी.