नोंद नसणे आणि वस्तू नसणे

एखादी गोष्ट नोंदीत सापडली नाही, तर ती मुळात नाहीच असे म्हणता येते का, हा प्रश्न सिमँटिक वेब शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच प्रकल्पात उभा राहतो. नेहमीच्या डेटाबेसमध्ये त्याचे उत्तर गृहीतच असते: तक्त्यात नाही ते नाही. १९९९ मध्ये प्रमाणित झालेली आरडीएफ आणि २००४ मधील ओडब्ल्यूएल या सिमँटिक वेबवर माहिती मांडण्याच्या भाषांनी हे गृहीत सोडले. वेबवर कोणीही, केव्हाही नवे विधान जोडू शकतो, त्यामुळे आजच्या मौनावरून नकार काढता येत नाही.

पुण्यात यासाठी उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. मुंबई सरकारने १८६६ पासून जमवलेल्या पोथ्या आधी डेक्कन कॉलेजात होत्या. १९१८ मध्ये त्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे आल्या. अशा संग्रहाची ऑन्टॉलॉजी, म्हणजे त्यातल्या संकल्पनांचा आणि त्यांच्या संबंधांचा आराखडा, रचताना एका पोथीला लेखनिक एकच, असा नियम घातला आणि चुकून दोन नावे भरली गेली, तर डेटाबेस चूक दाखवतो. ओडब्ल्यूएलचा रीझनर, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, मात्र ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत असा निष्कर्ष काढतो. ती माणसे वेगळी आहेत हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. लेखनिकाचे नाव मुळीच भरले नाही, तर ‘या पोथीला लेखनिक नाही’ असेही तो म्हणत नाही. स्पार्कल या प्रश्न विचारण्याच्या भाषेत ‘लेखनिक नसलेल्या पोथ्या’ मागितल्या की यादी मिळते, पण ती नोंद नसलेल्यांची असते. एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये अभावाचे दोन अर्थ नांदतात आणि ते वेगळे ओळखणे हाच या विषयातला खरा अभ्यास आहे.

भारतीय दर्शनांनी यावर शतकानुशतके वाद केला आहे. वैशेषिकांच्या परंपरेत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय यांच्यापुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला. अभाव कळतो कसा, यावर मात्र एकमत नव्हते. भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांच्या मते तो प्रत्यक्षानेच कळतो, अनुपलब्धी फक्त साहाय्य करते. दोघांनाही एक अट मात्र मान्य होती, ती योग्यतेची. घडा असता तर उजेडात जमिनीवर दिसलाच असता, म्हणून तो न दिसणे हा पुरावा ठरतो. अंधारात तेच न दिसणे काहीही सिद्ध करत नाही.

या अटीवर किती मोठा प्रश्न तोलला गेला, ते नैयायिक उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात (प्रकरणात) दिसते. ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही, या चार्वाकाच्या युक्तिवादाला तेथे उत्तर आहे: जे प्रत्यक्षाला योग्यच नाही, त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव ठरत नाही. नाहीतर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने न दिसणाऱ्या बायकामुलांसाठी शोक करायला हवा. या उत्तराने ईश्वर सिद्ध होत नाही, फक्त एक खंडन निष्फळ ठरते. उदयनाचार्यांना त्यातला फरक पक्का ठाऊक होता, म्हणूनच ईश्वराच्या बाजूची प्रमाणे त्यांनी स्वतंत्रपणे मांडली.

ओडब्ल्यूएल या वाटेने अर्धेच अंतर चालते. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे, एवढे ते मानते, पण योग्यता त्यात आपोआप येत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने (१९१९–१९६६) ती बारकाईने वापरली. मुळात असता तर एकमेकांपासून दूर वाढलेल्या हस्तलिखित-परंपरांत सापडायला हवा होता, असा मजकूर तेथे सापडला नाही तर तो पाठाबाहेर ठेवला गेला. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथाही याच कसोटीवर परिशिष्टात गेली. गणपतीच्या शहरात हा निर्णय श्रद्धेच्या आड आला नाही, हे नोंदवण्यासारखे आहे.

अ‍ॅप्लिकेशनमध्ये अशी अट रचणाऱ्यालाच घालावी लागते. २०१७ मध्ये प्रमाणित झालेल्या शॅकल या नोंदी तपासण्याच्या भाषेत कोणती माहिती असलीच पाहिजे, हे नेमून देता येते. पण ते कुठे नेमायचे, हे वस्तू पाहूनच ठरते. पोथीच्या पानांची संख्या सूचीकार मोजतोच, तेव्हा ती नसेल तर नोंद अपुरी आहे. लेखनिकाचे नाव साधारणपणे शेवटच्या पानावरच्या पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, येते. ते पान शाबूत असून नाव नसेल, तर तेथे नाव लिहिले गेले नाही असे म्हणता येते. पानच गहाळ असेल, तर दोन्हींपैकी काहीही म्हणता येत नाही, आणि ऑन्टॉलॉजीत या तिसऱ्या स्थितीसाठी वेगळी जागा ठेवावी लागते.