ऋण आणि चौर्य

परक्या कलेवर लुब्ध होऊन तिच्या वळणावर चित्रें काढणाऱ्यास चोर म्हणावें काय? काझुओ कोइके व गोसेकी कोजिमा यांची 'कोझुरे ओकामी' ही सामुराई पितापुत्रांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९७० सालीं सुरू झाली. अमेरिकन चित्रकथाकार फ्रँक मिलर यांस तिनें वेड लाविलें; १९८३ सालीं त्यांच्या 'रोनिन'मधील स्वामिहीन सामुराई भविष्यकालीन न्यूयॉर्कांत अवतरला. पुढें १९८७ सालीं मूळ मांगा इंग्रजींत आली, तेव्हां तिच्या आरंभींच्या अंकांचीं मुखपृष्ठें मिलर यांनींच काढिलीं. येथेंच आम्हांस उत्तर सांपडतें. चोर मूळ मालकाचें नांव लपवितो. ऋणको तें उजळ माथ्यानें सांगतो. ऋषिऋण नुसत्या घोकंपट्टीनें फिटत नाहीं. घेतलेल्यांत स्वतःची भर घालून तें पुढें द्यावें लागतें. कलेचें ऋणही तसेंच.