ठरवणार कोण? : बांबू, गायरान आणि ग्रामसभा

आदिवासी समाजाच्या आर्थिक विकासाचा विचार महाराष्ट्रात बहुधा कर्ज, प्रशिक्षण आणि अनुदान या तीन शब्दांभोवती फिरत आला आहे. या समाजाला व्यवहारज्ञान नाही, ते बाहेरून पुरवले की उद्योग आपोआप उभा राहील, असे गृहीतक त्यामागे असते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावाचा गेल्या चार दशकांचा अनुभव मात्र नेमका उलटा क्रम दाखवतो : साधनाबद्दल ठरवण्याचा हक्क तेथे आधी आला आणि व्यापार त्यानंतर शिकला गेला. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात त्वरिता देवीच्या स्थानामुळे ओळखल्या जाणाऱ्या तलवाड्यातून पाहिले, तर या क्रमाचे महत्त्व अधिकच जाणवते. २०११च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या जेमतेम सव्वा टक्का होती. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र मराठवाड्यात केवळ नांदेड जिल्ह्याच्या काही भागात आहे. त्यामुळे अशा क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा तलवाड्याला लागू होत नाही.

तरीही गोंडांचा प्रदेश आणि बीड यांचा इतिहास पूर्णपणे वेगळा नाही. १९४८ पर्यंत तलवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात १९४० साली कोमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जमीन आणि जंगलाच्या हक्कासाठी उठाव केला आणि जोडेघाट येथे भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांना गोंडांच्या परिस्थितीचा अभ्यास करायला लावले आणि पुढे जमिनीचे पट्टे देण्यास सुरुवात केली. सरकारने जमीन दिली. परंतु ती कोणाला व किती द्यायची, हे ठरवणे आपल्याच हाती ठेवले. पुढच्या कल्याणकारी योजनांचा साचा बहुतांशी हाच राहिला.

मेंढ्यात हा साचा मोडला तो एका घोषणेने : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. १९८०च्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टनम या धरणांविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यातून गावोगावी आत्मविश्वास जागा झाला, आणि गावचे देवाजी तोफा व ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने मेंढ्याने त्याला नित्याच्या कामाचे रूप दिले. तेथे दोन व्यवस्था शेजारीशेजारी चालतात. पहिली अभ्यासगटाची, त्यात कोणीही येऊन बसावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, एखाद्या कायद्याचा किंवा हिशेबाचा कीस काढावा, पण निर्णय मात्र घेऊ नये. दुसरी ग्रामसभेची, तेथे निर्णय होतो, पण मतदानाने नव्हे तर सर्वसहमतीने, म्हणजे एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. बाहेरच्याला ही पद्धत संथ वाटते आणि ती संथ आहेच. मात्र बहुमताच्या निर्णयात जो हरतो, त्याला हाताशी धरून ठेकेदार गावात शिरू शकतो. सर्वसहमतीत असा हरलेला माणूसच उरत नाही, आणि व्यापारात उतरणाऱ्या गावाला हे संरक्षण एखाद्या भांडवली अनुदानापेक्षा मोलाचे ठरते.

२००६च्या वनहक्क कायद्यानुसार १५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. (सामूहिक साधनांचा कारभार लोक स्वतः टिकाऊपणे करू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेही याच वर्षी, मेंढ्याला अर्थातच त्याची वाट पाहावी लागली नव्हती.) मात्र केवळ हक्काचा कागद मिळाल्याने बांबू विकता येत नव्हता. नव्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे लाकडाव्यतिरिक्तचे वन उत्पादन होते. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या नजरेने मात्र तो वृक्ष होता. त्यामुळे वाहतूक परवाना, म्हणजे माल जंगलाबाहेर नेण्याची परवानगी, वनविभागाच्याच हाती राहिला. जो बांबू कागद कारखान्याला वर्षानुवर्षे नाममात्र दराने मिळत होता, तोच गावाने विकायचा म्हटल्यावर नियम आठवले. २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपजच असल्याचे कळवले आणि २७ एप्रिलला मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्याच्या ग्रामसभेकडे परवाना पुस्तिका सोपवण्यात आली. त्यानंतर निविदा काढणे, ठेकेदाराशी दर ठरवणे, मजुरी चुकवणे, करकपातीचा हिशेब ठेवणे ही कामे गाव शिकत गेले, कारण ती आता शिकण्याजोगी झाली होती.

उद्योगातील नेतृत्वाची खरी कसोटी काय विकावे यापेक्षा काय विकू नये हे ठरवण्यात लागते, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने ती फार स्पष्टपणे दाखवली. २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूचा व्यवहार वाढवला, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले. विडीसाठी लागणारे हे पान म्हणजे पूर्व विदर्भातील उन्हाळ्याची मुख्य रोख कमाई. मात्र पाने तोडताना फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी फुटावी म्हणून आगी लावल्या जातात आणि माणसापाखरांना मिळणारे याच झाडाचे, म्हणजे टेंभुर्णीचे, फळ नाहीसे होते, असा गावाचा हिशेब होता. एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळाने हातचे उत्पन्न असे सोडले असते का, ही शंका येथे रास्त आहे. याउलट अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकण्याचा मार्ग धरला आणि बाजाराचे चटकेही सोसले. २०१७ साली तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, भाव चढले तसे कोसळले, आणि लिलावात बोली लावून नंतर पैसे थकवणाऱ्या ठेकेदाराशी एकट्या गावाने लढणे अवघड असते हे कळले. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली, त्यामागे हीच निकड होती.

अमेरिकेतील आदिवासी राष्ट्रांबाबत १९८७ पासून हार्वर्ड विद्यापीठात स्टीफन कॉर्नेल व जोसेफ काल्ट यांनी सुरू केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे : ज्या जमातींच्या हाती निर्णयाचा खरा अधिकार आला आणि ज्यांच्या कारभाराच्या संस्था स्वतःच्या संस्कृतीशी जुळत्या होत्या, त्यांचे उद्योग टिकले. न्यूझीलंडमधील नाई ताहू या माओरी जमातीला १९९८ साली १७ कोटी न्यूझीलंड डॉलरची भरपाई मिळाली आणि त्या भांडवलावर तिने मोठा व्यवसाय उभारला. मेंढ्याला भांडवल मिळाले नाही, केवळ हक्काचा दाखला मिळाला, हा फरक विसरता येत नाही.

महाराष्ट्राला सामूहिक उद्योग अपरिचित नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभारलेल्या साखर कारखान्यापासून सहकार ही या राज्याची ओळख आहे, आणि गेवराई तालुक्यातही गढीला सहकारी साखर कारखाना आहे. परंतु सहकारात सभासदत्व मिळते ते ऊस आणि भागभांडवलाच्या बळावर; मेंढ्यात ते मिळते गावात राहण्याने. ज्याच्या कोयत्याशिवाय कारखान्याचे धुराडे पेटत नाही, तो ऊसतोड कामगार त्या कारखान्याचा सभासद नसतो. त्याचा व्यवहार मुकादमाशी होतो. हंगामाआधी मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, आणि दर ठरतो तो संघटना व कारखानदार यांच्या वाटाघाटीत, गावापासून फार दूर.

बीडमध्ये सामूहिक साधन नव्हतेच असे मात्र नाही. ते गायरान होते. मालकी शासनाची आणि चराईचा वापर गावाचा, अशा या जमिनी भूमिहीन दलित व पारधी कुटुंबांनी कसायला घेतल्या, त्यासाठी मार खाल्ला, आणि मानवी हक्क अभियानाचे एकनाथ आवाड यांनी मराठवाड्यात या लढ्याला संघटित रूप दिले. १९९१च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. ज्या पारधी समाजाला गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, त्याच्या नावावर सातबारा होणे हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता, आणि गायरान सामूहिक ठेवावे हा उपदेश त्याला करणे अप्रामाणिक ठरले असते, कारण ज्या गावाच्या नावाने ते सामूहिक होते त्या गावात तो पूर्णपणे मोजलाच जात नव्हता. मेंढ्यात सर्वसहमती शक्य झाली त्यामागे एका समाजाचे, जवळजवळ सारख्या ऐपतीचे लहान गाव हेही कारण आहे. जातींनी विभागलेल्या मोठ्या गावात तीच पद्धत जशीच्या तशी उचलली, तर सहमतीचा अर्थ बलवंतांची संमती एवढाच उरेल.

तरी ग्रामसभा तेथेही कायद्याने आहेच. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी होतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढे तेवढ्याही उपस्थितीची अट राहत नाही. दिवाळीच्या आगेमागे गेवराई, वडवणी, धारूर या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांना घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. घरी म्हातारी माणसे आणि काही मुले राहतात. आणि २६ जानेवारीला जेव्हा ग्रामसभा भरते, तेव्हा हे कोयते कुठल्यातरी फडात असतात.