सैतानाशी निष्काम सौदा

डग्लस वॉलप यांच्या 1954 सालच्या कादंबरीतला आणि पुढल्याच वर्षी ‘डॅम यँकीज’ या संगीतिकेतून ब्रॉडवेवर अवतरलेला जो बॉइड, हा घरांच्या खरेदीविक्रीतला मध्यमवयीन दलाल, वॉशिंग्टन सेनेटर्स या त्या काळी वारंवार हरणाऱ्या बेसबॉल संघाच्या विजयापायी आपला आत्मा सैतानाच्या हवाली करतो, तेव्हा धन वा ज्ञान यांपैकी काहीच न मागणाऱ्या या भक्ताला सकाम म्हणावे की निष्काम, असा पेच पडतो. करारनाम्यात सुटकेचे कलम घालून घेण्याइतका तो व्यवहारी आहे (दलालच तो!), त्याचा दोष मी मानीत नाही, परंतु संघ जिंकावा एवढ्यावर न थांबता, तरुण होऊन विजयाचा टोला आपल्याच हातून बसावा, हे तो आनंदाने पत्करतो, आणि माझ्या मते त्याची निष्कामता तेथेच संपते. प्रत्यक्षातल्या सेनेटर्सना मात्र 1924 नंतर वॉशिंग्टनमध्ये पुन्हा जगज्जेतेपद लाभले नाही. 1961 साली तो संघ मिनेसोटात गेला.