‘देवाची इच्छा’ कुणी म्हणावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

नृसिंहवाडीचं दक्षिणद्वार आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवलं असेल. कृष्णामाईचं पाणी चढतं, उत्तरेच्या दाराने आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या प्रवाहात स्नान घडलं की वर्ष सार्थकी लागल्यासारखं वाटतं. पण भाविकहो, हे पाणी वाडीला पोचण्याआधी सांगलीवरून आलेलं असतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ चा महापूरसुद्धा यापेक्षा कमीच होता. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ पाण्यात गेली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि कित्येक जीव गेले.

पितृपक्षात मी एका परिचितांच्या विचारपुशीला सांगलीला गेलो. पाणी उतरून महिना होत आला होता, पण गाव सावरलं नव्हतं. भिंतींवर डोक्याच्याही वर गाळाची रेघ होती. प्लायवुडची कपाटं फुगून दारं लागेनाशी झालेली. घरात शिरलं की कुबट ओल नाकात भरायची.

त्या घरातल्या आजींचा संसार गाळात गेला होता. देव्हारा तेवढा घासूनपुसून परत मांडला होता. मला चहा देताना म्हणाल्या, “दत्त महाराजांची इच्छा. माणसं राहिली, हे काय थोडं झालं?” ऐकून मी मनोमन हात जोडले.

बाहेर पडल्यावर माझ्यासोबतचे गृहस्थ म्हणाले, “खरंय. देवाची इच्छा, आणि ज्याचा त्याचा भोग. आपण काय करणार?”

शब्द जवळजवळ तेच. मग आजींच्या तोंडी ते प्रसादासारखे का वाटले आणि इथे का खटकले? वाटभर मी हाच विचार करत होतो.

आजी ते शब्द स्वतःच्या दुःखाबद्दल बोलल्या. त्यातून त्यांना उभं राहायला बळ मिळत होतं. तेच शब्द कोरड्या अंगणातल्या माणसाने दुसऱ्याच्या दुःखाबद्दल वापरले, की त्यातून त्याला फक्त सुटका मिळते. एकाची शरणागती, दुसऱ्याचं अंग काढून घेणं. शिवाय नदीच्या पूररेषेच्या आत घरं बांधतो आपण, ओढेनाले बुजवतो आपण; त्याचाही हिशोब देवाच्या नावावर टाकायचा का?

कुणी म्हणेल, महाराजांच्या इच्छेवाचून झाडाचं पानही हलत नाही. मग पूर त्यांच्या इच्छेबाहेरचा कसा? प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. पण एवढं कळतं, की दुसऱ्याच्या घरात पाणी का शिरलं यात देवाची इच्छा शोधायची नसते. ते पाहिल्यावर माझ्या हातून काय व्हावं, यात ती शोधायची असते.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. पहिली पृथ्वी. तिच्याकडून ते क्षमा शिकले. पण तिच्यावरच्या डोंगराकडून आणि झाडाकडून परोपकारही शिकले. सोसणं आणि दुसऱ्यासाठी असणं, हे दोन्ही धडे एकाच गुरूचे. पहिला स्वतःच्या दुःखासाठी ठेवावा, दुसरा शेजाऱ्याच्या. आपण बहुतेक वेळा उलट करतो. आपल्या घरी पाण्याचा थेंब शिरला की आकांत, आणि शेजारी बुडाला की त्याला क्षमा-शांतीचा उपदेश.

आपण साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं. बुडालेल्या घरातला गाळ उपसणं आता कंबरेला झेपत नाही. पण एका मुलाच्या वह्यापुस्तकांचा खर्च झेपतो. कुणाच्या घरी जाऊन, उपदेश न करता, तासभर ऐकत बसणं झेपतं. पूर ओसरल्यावर वर्तमानपत्रं ते विसरतात. आपण सहा महिन्यांनी एक फोन करावा, हेही झेपतं.

दक्षिणद्वाराचं स्नान जरूर करावं. डोकं वर काढताना, हे पाणी कुणाच्या उंबऱ्यावरून आलं एवढं मात्र आठवावं. तिथवर आपला हात पोचला, तर ती सेवा पादुकांवर रुजू होईल, असा माझा विश्वास आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥