दोन नोकऱ्यांमधले साठ दिवस

आखाजीला सालदाराचं साल संपतं. खान्देशातली ही जुनी रीत. अक्षय तृतीयेला हिशेब होतो, मालकाचं आणि त्याचं जमलं तर पुढचं साल ठरतं, नाही जमलं तर तो मोकळा. डोक्यावर उचल असेल तर हा मोकळेपणा नावापुरताच राहतो, हेही खरं. पण उचल फिटलेली असली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणाच्याही शेतात रोजानं जाऊ शकतो. केळीचे घड वाहील, ट्रॅक्टर चालवील, नाहीतर सुरतेची गाडी पकडून उधना-लिंबायतला नातेवाइकाकडे उतरेल आणि मिळेल ते काम धरील. त्याला अडवणारा कायदा नाही.

त्याच गावातला इंजिनियर झालेला पोरगा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असतो. पगार सालदाराच्या कितीतरी पट. पण कंपनीनं काढलं की दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या हुन्नरावर एक डॉलरही कमावता येत नाही. कारण कामाची परवानगी त्याला मिळालेली नसते, ती एका मालकाकडच्या एका कामापुरती असते. ते काम गेलं की जास्तीत जास्त साठ दिवस तिथं राहता येतं, आणि व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. ही साठ दिवसांची सवलतसुद्धा जानेवारी २०१७ पासूनची. या दिवसांत नवा मालक शोधायचा आणि त्यानं अर्ज दाखल करेपर्यंत हात बांधून बसायचं. फ्रीलान्सिंग करायचं नाही, ओळखीच्या दुकानाची वेबसाइटसुद्धा पैसे घेऊन करून द्यायची नाही.

नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या तीन महिन्यांत मेटानं अकरा हजार, मायक्रोसॉफ्टनं दहा हजार आणि गूगलनं बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा हे साठ दिवस भारतातल्या अनेक घरांनी मोजले. बांभोरी, शिरपूर, धुळे इथल्या इंजिनियरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलं आज जगभर आहेत. ज्या कंपन्यांनी अशा मुलांना परदेशी नेलं, त्यांतली विप्रो तर १९४५ साली आमच्या अमळनेरला तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली. त्यामुळे हा प्रश्न आपल्या ओट्यावरचा आहे.

मला तो नियम अन्यायाचा वाटतो, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. या माणसाच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के दर वेळी कापले जातात. त्यातून पेन्शन हवी तर साधारण दहा वर्षांची कमाई लागते आणि एच-१बीची नेहमीची कमाल मुदत सहा वर्षांची. भारताचा अमेरिकेशी याबाबत करारही नाही. म्हणजे घेताना तो तिथला कामगार, आणि काम गेल्यावर पाहुणा. इतर देशांत दार थोडं तरी किलकिलं आहे. जर्मनीत स्वतंत्र काम करायचं तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे परवानगी मागता येते. ज्या आखातातल्या मजुरीच्या कहाण्या आपण धास्तीनं सांगतो, तिथल्या संयुक्त अरब अमिरातीत फ्रीलान्सचा परवाना मिळू शकतो. तिथं १ जानेवारी २०२३ पासून नोकरी गेल्यावरचा विमा सक्तीचा आहे. वर्षभर हप्ते भरलेल्या कामगाराची नोकरी त्याच्या चुकीशिवाय गेली, तर मूळ पगाराच्या साठ टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. परदेशी कामगारासाठी हे अमिरातीला सुचलं आणि अमेरिकेला सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण नियम अन्यायाचा आहे म्हणून लपून काम करणं बरोबर ठरतं का? गरजेपोटी ते करणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. तरीही ते करू नये असंच मी म्हणेन, आणि केवळ पकडलं जाण्याच्या भीतीनं नव्हे. अमळनेर तालुक्यातलं एक घर मला माहीत आहे. पोराची नोकरी मार्चमध्ये गेली, मेमध्ये नवी लागली. मधल्या काळात तो रात्री-रात्री एका व्यापाऱ्याचं काम करत होता, आणि पैसे गावातल्या भावाच्या खात्यात यायचे. आपण पैसे परदेशात घेतलेच नाहीत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. पण कायदा काम करणारा माणूस कुठं बसला आहे ते पाहतो. शेवटी व्यापाऱ्यानं निम्मे पैसे बुडवले. तक्रार कुणाकडे करणार? भावाच्या खात्यात न कमावलेल्या पैशांची नोंद राहिली, ती त्याला करखात्यापुढे समजावून सांगता येईना. पुढं ग्रीन कार्डाच्या अर्जात विनापरवाना काम केलं का, हा प्रश्न येतोच. तिथं खरं लिहिलं तर अडचण, खोटं लिहिलं तर त्याहून मोठी. एका माणसाच्या लपण्यात तिघं गुंततात आणि फायदा त्याला कमी दामात राबवणाऱ्याचा होतो.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यातला कर्म आणि विकर्माचा विचार इथं आठवतो: हातानं होणाऱ्या कामाला मनाची साथ हवी. लपून काम करणाऱ्याचं मन कामात नसतं, चाहुलीकडे असतं.

आता आपल्याकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं इथं आहे. त्या घरी नोकरी गेल्याचं दिवाळीला कळलं. मार्च-एप्रिलमध्येही पैसे नेहमीच्या तारखेला आले होते. बहिणीची सोयरीक जुळत होती, जळगावच्या प्लॉटचा हप्ता चालू होता, आणि सोयऱ्यांना कळलं तर काय, हा धाक होता. आईनं त्याला फोनवर एवढंच म्हटलं, "आम्हाले पैसे नको होते रे भाऊ, तू बोलला असता तर!" मी ते ऐकलं आणि वाटलं, हे वाक्य तिनं तो विमानात बसला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्याला लपून काम करायला अमेरिकेच्या कायद्यानं जेवढं ढकललं, तेवढंच आपल्या गावानंही ढकललं. परदेशातल्या पोराला आपण बेकार होण्याची मुभाच ठेवलेली नाही. इथं कापसाचा भाव पडला की गाव समजून घेतं. तिकडची नोकरी गेली की मात्र पोरात काही कमी असेल, अशी कुजबुज सुरू होते.

परत येणं हाही सरळ मार्ग आहे. मुदतीआधी कामावरून काढलं असेल, तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च एच-१बीच्या मालकानं द्यायचा असतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. जळगावात बसून त्यानं परदेशी ग्राहकाचं काम उघडपणे केलं, बँकेतून पैसे घेतले, आयकर भरला, तर त्यात बेकायदा काही नाही. नवी कंपनी मिळाली आणि तिचा अर्ज मंजूर झाला, तर पुन्हा जाताही येतं. अडतो तो फक्त गल्लीतल्या प्रश्नाला, "कायमचा आला का?"

तो प्रश्न आपण विचारायचा नाही. आणि ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी या आठवड्यात फोनवर त्यांना स्पष्ट सांगावं: नोकरी गेली तर पहिल्या दिवशी आम्हाला कळव, आणि नवी लागेपर्यंत घरी एक रुपयाही पाठवू नको.