मधल्या हातांचा हिशेब

केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही रेकॉर्ड साडेतीन मिनिटांची आहे. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतलेल्या केसरबाईंनी रेकॉर्डी मोजक्याच दिल्या. आपलं गाणं कुठे जातं, कसं जातं, कोणाच्या कानी पडतं याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. तरीही माणसानं ज्या आवाजांना पृथ्वीपासून सर्वांत दूर धाडलं, त्यांत त्यांचा आवाज आहे. 1977 साली 20 ऑगस्टला व्हॉयेजर-2 आणि 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1 ही अंतराळयानं निघाली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी होती आणि तिच्यावरच्या 27 संगीतरचनांमध्ये ही भैरवी होती. त्याच सप्टेंबरच्या 16 तारखेला केसरबाई गेल्या.

ही तबकडी सर्वसामान्य श्रोत्यांना एलपीच्या रूपात मिळायला 2017 साल उजाडावं लागलं. ओझ्मा रेकॉर्ड्सनं मूळ ध्वनिफितींवरून ती नव्यानं तयार करून एलपीच्या संचात काढली. बाख आणि बेथोव्हेन, चक बेरी आणि ब्लाइंड विली जॉन्सन, जावा बेटावरचा गॅमेलन, पेरूतलं लग्नगीत आणि त्यांच्या शेजारी आपल्या सूरश्री केसरबाई. अशा संचाचं परीक्षण लिहायचं झालं तर लिहायचं काय? बाखला शाबासकी देणारे आपण कोण? केसरबाईंच्या भैरवीला पाचपैकी किती तारे द्यायचे? निवाडा तर काळानं कधीच देऊन ठेवला आहे. मग समीक्षकाला काम उरतं का?

उरतं, आणि ते मोठं आहे. गवई गायला तो क्षण आणि आपण ऐकतो तो क्षण यांच्यामध्ये किती हात असतात! ध्वनिमुद्रण करणारा, तबकडी छापणारा, ती घरात जपून ठेवणारा, तिच्यावरून नवी प्रत उतरवणारा, खरखर काढणारा, कव्हरवरचा मजकूर लिहिणारा. केसरबाईंची ही रेकॉर्ड व्हॉयेजरसाठी शोधायला निघालेल्या ॲन ड्रूयन यांना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात सापडली. खोकं टेबलाखाली ठेवणारा तो अनामिक हातसुद्धा या भैरवीच्या प्रवासाचा भाग आहे. जुन्या संगीताच्या नव्या आवृत्तीचं परीक्षण म्हणजे या मधल्या हातांचा हिशेब, असं मला वाटतं. गाण्याला गुण देणं त्यात दुय्यम. या हातांनी गाणं किती जपलं, किती बदललं आणि बदललं ते सांगितलं का, हे आधी पाहायला हवं.

हे मला पेटीनं शिकवलं. एका जुन्या गवयाची एकच रेकॉर्ड माझ्याकडे दोन वेगवेगळ्या सीडींवर आहे. एका रात्री दोन्ही पाठोपाठ लावल्या आणि काहीतरी खटकलं. पेटी पुढे ओढून षड्ज धरून पाहिला. एका सीडीवर तो काळी एकला लागत होता, दुसरीवर जवळजवळ पांढरी दोनला. गवई तोच, बंदिश तीच, समेवरची दाद देणारा पुसटसा आवाजही तोच. तरी दुसऱ्या सीडीवरचा माणूस वयानं लहान वाटत होता. गळा अरुंद झाला होता, खर्जातलं वजन गेलं होतं आणि ताना अधिक चपळ झाल्या होत्या.

कारण साधं आहे. ज्यांना आपण सरसकट 78च्या रेकॉर्डी म्हणतो, त्या सगळ्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगानं मुद्रित झालेल्या नाहीत. विशेषतः सुरुवातीच्या काळात कोणी सत्तरीच्या आसपास, तर कोणी ऐंशीच्याही वर मुद्रण करत असे. 74च्या वेगानं मुद्रित झालेली तबकडी 78वर फिरवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो आणि साडेतीन मिनिटांचं गाणं सुमारे 11 सेकंद आधी संपतं. आपल्या संगीतात ही किरकोळ गोष्ट नाही. कोणता गवई कोणत्या पट्टीत गातो, मंद्रात कुठवर उतरतो, तार षड्जावर किती सहज थांबतो, यावर त्याच्या गायकीची अर्धी ओळख उभी असते. त्या दुसऱ्या सीडीबद्दल मी पूर्वी मित्रांना ‘काय तयारी आहे!’ असं भरभरून सांगितलं होतं. त्या तयारीतला काही वाटा यंत्राच्या मोटरचा होता, हे त्या रात्री कळलं. कव्हरवर मात्र वेगाबद्दल एक अक्षर नव्हतं.

ही चूक केवळ जुन्या तबकड्यांची किंवा आपल्याकडच्या हलगर्जीपणाची मानू नये. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जाझमधला बहुधा सर्वांत जास्त ऐकला गेलेला आल्बम. 1959च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत पहिली बैठक झाली, तेव्हा मुख्य ध्वनिमुद्रण यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू मुद्रित झालेली फीत योग्य वेगानं वाजवली की सूर चढणारच. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्यामुळे किंचित चढ्या सुरात छापल्या गेल्या. त्याच बैठकीत दुसरं, राखीव यंत्र योग्य वेगानं चालत होतं. 1992च्या आवृत्तीत त्या दुसऱ्या फितीचा आधार घेऊन चूक दुरुस्त झाली. मधली 33 वर्षं जगानं हा आल्बम चढ्या सुरात ऐकला, त्यावर प्रेम केलं, त्याच्याबद्दल अमाप लिहिलं.

यातून ‘मग काय बिघडलं?’ असाही अर्थ कोणी काढेल, आणि तो प्रश्न मला टाळायचा नाही. संगीत टिकलं, ही खरी गोष्ट. थोर कलाकृतीत एवढा जीव असतो की मधल्या हातांच्या चुकाही ती सोसते. पण त्या आल्बमसोबत आपलं वाद्य जुळवून शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा सूर जुळेना, तेव्हा तो स्वतःच्या कानावर शंका घेत असणार. श्रोत्याला त्याच्याच कानाबद्दल संशयात ठेवणं हे मोठं नुकसान आहे. थोरवीच्या स्तुतीत ही तपासणी बुडून जाऊ नये, एवढ्यासाठी तरी समीक्षक हवा.

वेगानंतर प्रश्न येतो स्वच्छतेचा. खरखर काढणं आता सोपं झालं आहे. किती काढायची हे मात्र अवघड. जुन्या तबकडीची खरखर आणि तानपुऱ्याची जवारी यांच्या सीमा कित्येकदा एकमेकींत मिसळलेल्या असतात. सफाई करणारा निर्धास्तपणे पुसत गेला की आधी तानपुरा पातळ होतो, मग आवाजाच्या कडा जातात, आणि शेवटी गायिका पाण्याखालून गात असल्यासारखी ऐकू येते. कान सुखावतात, पण गाण्यातली हवा गेलेली असते.

काय काढायचं आणि काय ठेवायचं हा तांत्रिक निर्णय दिसतो, प्रत्यक्षात तो अर्थाचा निर्णय असतो. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोन कंपनीसाठी गायल्या. गाणं संपताच त्या स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगत, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळायला हवं होतं. गाण्याशी संबंध नाही म्हणून ही घोषणा कोणी कापली, तर रेकॉर्ड नीटनेटकी होईल. पण एका बाईनं यंत्रासमोर उभं राहून स्वतःची मोहोर उमटवली, तो क्षण पुसला जाईल.

आता तर यंत्रं मिसळलेले आवाज वेगळेही करू शकतात. बीटल्सचा 1966चा ‘रिव्हॉल्व्हर’ 2022 साली नव्या मिश्रणासह आला, तेव्हा एकाच ट्रॅकवर एकत्र बसलेली वाद्यं अशा तंत्रानं सुटी करून पुन्हा मांडली गेली. त्या प्रकाशनात हे उघड सांगितलं होतं आणि मूळ मोनो मिश्रणही संचात दिलं होतं. हाच प्रामाणिकपणा मला हवा आहे. उद्या कोणी आपल्या जुन्या ख्यालातून सारंगी बाजूला काढून ‘निव्वळ आवाज’ देऊ करेल. सारंगी गायकाच्या श्वासामागून चालते, त्याची जागा भरते, कधी त्याला पुढची वाट सुचवते. ती काढून उरलेला आवाज स्पष्ट असेल, पण तसं गाणं कोणी कधी गायलेलं नव्हतं. समीक्षकानं हे ठामपणे सांगायला हवं.

आणखी एक हिशेब तबकडीत कधी आलंच नाही त्याचा. तीन-साडेतीन मिनिटांत विलंबित ख्यालाची बढत मावत नाही. म्हणून गवयांनी रेकॉर्डीसाठी छोटी, घट्ट, दाणेदार गायकी घडवली. ती स्वतंत्र कलाच होती; पण तिच्यावरून त्यांच्या मैफलीचं माप काढता येत नाही. एलपी आल्यावर अमीर खाँसाहेबांना एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी मांडता आला, आणि त्यांच्या संथ आलापीचं रूप मैफलीबाहेरच्या श्रोत्यांनाही कळलं. अल्लादिया खाँसाहेबांची तर एकही रेकॉर्ड बाजारात आली नाही. त्यांचं गाणं आज केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यांतून अंदाजानं ऐकावं लागतं. जुन्या संगीताचा प्रत्येक संच अशा एखाद्या पोकळीच्या काठावर उभा असतो. परीक्षणात त्या पोकळीचा उल्लेख नसेल, तर वाचकाला वाटतं की जे विकायला आलं तेवढंच गाणं होतं.

मग नव्या आल्बमचं काय? तिथे हिशेब उलटा असतो. जुन्याबद्दल खूप बोलून झालेलं असतं, नव्याबद्दल कोणीच बोललेलं नसतं. ‘शक्ती’ या गटाचा ‘धिस मोमेंट’ 2023 साली आला. 1977नंतरचा त्यांचा हा पहिला स्टुडिओ आल्बम. त्या वेळी लिहिणाऱ्यांचं लक्ष पुनर्भेटीच्या आनंदाकडे, शंकर महादेवन यांच्या आवाजाकडे होतं. डिसेंबर 2024 मध्ये गटाचे तबलावादक झाकीर हुसेन गेले आणि त्या दिवसापासून मला त्या आल्बममध्ये आधी तबलाच ऐकू येऊ लागला. ध्वनिमुद्रणात एक मात्रा बदलली नव्हती. दीड वर्षापूर्वीचा ‘नवा’ आल्बम एका रात्रीत जपून ठेवायचा दस्तऐवज झाला. म्हणजे मधल्या हातांत शेवटचा हात ऐकणाऱ्याचाही असतो. समीक्षकानं स्वतःचा कानही हिशेबात धरावा: मी हे कधी ऐकलं, किती वेळा ऐकलं, काय मनात ठेवून ऐकलं.

मराठीत या कामाची परंपरा आहे. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावानं गायकांवर लिहीत, तेव्हा वाचकाला निकालाच्या आधी गाण्याचं चित्र मिळत असे. तेच भोळे ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ या चित्रपटांना संगीत देत होते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काय घडतं हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं. मुंबईत 1990 साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी तबकड्यांचे क्रमांक, लेबलं, तारखा जुळवत बसण्याचं किचकट काम प्रेमानं केलं. भोळ्यांचा कान आणि या संग्राहकांची चिकाटी एकत्र आली, तर मला हवं ते परीक्षण तयार होईल. पाच ताऱ्यांत ते मावणार नाही. कोणत्या प्रतीवरून उतरवलं, कोणत्या वेगानं, काय पुसलं, काय राखलं, एवढं तरी त्यात असेलच.

हे मागणं जास्तीचं वाटत असेल, तर पुन्हा व्हॉयेजरच्या तबकडीकडे पाहावं. तिच्यासोबत सुई धाडली आहे आणि वरच्या आवरणावर एक आकृती कोरली आहे. तबकडीच्या एका फेरीला किती वेळ लागला पाहिजे, ते तिथे सांगितलं आहे: 3.6 सेकंद. पण ऐकणाऱ्याला सेकंद म्हणजे काय हे ठाऊक नसणार, म्हणून हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाला लागणारा काळ एकक धरून ते मांडलं आहे, कारण हायड्रोजन विश्वात सगळीकडे सारखाच. कधी भेटेल की नाही हे माहीत नसलेल्या श्रोत्यालाही केसरबाईंचा षड्ज योग्य जागी ऐकू यावा, याची एवढी काळजी तिथे घेतली गेली. पेटी पुढे ओढून षड्ज चाचपडत बसलेल्या आपल्या घरच्या श्रोत्याला कव्हरवरच्या एका ओळीत तेवढाच मान देता येईल. ती ओळ प्रकाशकानं छापावी, आणि छापली नसेल तर समीक्षकानं मागावी.